हातांनी ऐकलेल्या कथा



कीर्तन कानाने ऐकावे, नाटक डोळ्यांनी पाहावे आणि कादंबरी वाचावी, याखेरीज कथेचा आस्वाद घेण्याचा आणखी काही मार्ग असेल असे आपण सुशिक्षित माणसे सहसा मनात आणीत नाही. परंतु असा एक मार्ग आहे, आणि तो हाताचा आहे. व्हिडिओ गेम या नावाने जे खेळ आपल्या घरोघर शिरले आहेत, त्यांतील काही खेळांनी गेल्या चाळीस वर्षांत माणसांना हळहळावयास लावले आहे, क्वचित रडविलेही आहे. हे त्यांनी कशाच्या बळावर साधले, याचा इतिहास आज थोडक्यात सांगावा असा विचार आहे. दूरचित्रवाणीस जोडावयाचे कन्सोल नावाचे यंत्र आणि तळहातावर घेऊन खेळावयाचे छोटे यंत्र, एवढ्या दोहोंपुरतेच मी बोलणार आहे. पैसे लावून खेळावयाच्या खेळांशी आपणांस आज कर्तव्य नाही.

या इतिहासाचा आरंभ मी जपानातून करावा अशी आपली अपेक्षा असेल. पण मी मुळशी तालुक्याचा रहिवासी. तेव्हा आरंभ जात्यापासून करतो.

आमच्या डोंगरी गावांतून पहाटेची घरघर पिठाच्या गिरण्यांनी केव्हाच बंद पाडली. ओव्या मात्र पुष्कळ वाचल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या दोघा अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात मुळशीच्या खेड्यांतून बायकांच्या तोंडच्या ओव्या उतरून घेण्यास आरंभ केला. पुढे हा संग्रह महाराष्ट्रभर फोफावला, त्याची संख्या १ लाखाच्या वर गेली, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या ओव्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध होऊ लागल्या. या ओव्यांविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुष्कळ बायकांना, नुसते बसून ओवी सांगा म्हटले, तर ती आठवत नसे. हाती खुंटा आला आणि जाते फिरू लागले की एकामागून एक ओव्या ओठांवर येत. आठवण जणू हातात साठविलेली होती. आणि त्या ओव्यांतले दुःख ऐकणारीचे नसून गाणारीचेच असे. सासरी पडलेली बहीण भावाची वाट पाहते, तो येत नाही, आला तर त्याच्या पाठीमागे भावजयीचे मन कसे असेल याची ती धास्ती घेते. हे सारे जी गाते तीच त्या कथेतील बहीण आणि दळणही तिचेच. तेथे प्रेक्षक असा कोणी नसतोच.

उलट, कीर्तनात सीतात्यागाचे आख्यान लागले म्हणजे आपले डोळे पाणावतात; तथापि घरी जाताना आपणच सीतेला वनात सोडून आलो, असे कोणास वाटत नाही. रसशास्त्रातला सहृदय श्रोता दुसऱ्याचे दुःख भोगतो, पण त्या दुःखाचे उत्तरदायित्व त्याच्या शिरावर येत नाही. आपणांस रडू येते, अपराध वाटत नाही. हा भेद कृपा करून लक्षात ठेवावा, कारण माझे पुढील सारे विवेचन त्यावर उभे आहे.

आपल्याकडे खेळातून कथा सांगण्याचा प्रयत्न झाला नाही असे मात्र नाही. मोक्षपट हा त्याचा ठळक नमुना होय. त्याचे जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. त्यास भक्कम पुरावा नाही, परंतु अठराव्या शतकातील असे पट पाहावयास मिळतात. घरांना पापपुण्यांची नावे, सर्पाच्या तोंडी सापडले की अधोगती, शिडी लाभली की उन्नती, आणि वरच्या टोकास वैकुंठ, अशी त्याची रचना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो विलायतेत गेला, तेथे त्याच्या घरांतील हिंदू नावे गळाली, आणि शेवटी केवळ सापशिडी उरली. यातही सोंगटी आपल्या हातची असते आणि वैकुंठाच्या दारातून घसरताना पोटात धस्स होते खरे. परंतु घसरविणारा फासा असतो, आपण नव्हे. म्हणून मोक्षपटात भय आहे, दैव आहे, पश्चात्ताप नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत तर चित्रे अवताराची आणि डाव पत्त्यांचा, असा निव्वळ शेजार आहे. त्यांची कारागिरी अपूर्व, पण कथेच्या दृष्टीने तेथे थांबण्याचे कारण नाही.

आता जपानकडे वळू. निंतेंदो नावाच्या कंपनीने, जी १८८९ मध्ये क्योटो शहरी पत्ते बनविण्यासाठी स्थापन झाली होती, १९८३ मध्ये फॅमिकॉम हे घरगुती यंत्र आणि १९८९ मध्ये गेम बॉय हे हातातले यंत्र बाजारात आणले. आरंभीच्या खेळांत कथा म्हणजे नावापुरती सबब असे. राजकन्या पळविली आहे, ती सोडवून आणा, एवढे सांगितले की उड्या मारावयास मोकळे. या यंत्रांची स्मरणशक्ती तुटपुंजी, चित्रे ठिपक्यांची. तेथे भावनेस जागा ती किती असणार? परंतु १९८९ मध्येच शिगेसातो इतोई या गृहस्थाने फॅमिकॉमसाठी 'मदर' नावाचा खेळ रचला. हा मनुष्य यंत्रविद्येतला नव्हता. जाहिरातींचा मजकूर लिहिण्यात त्याची ख्याती होती. त्याच्या खेळात एक लहान मुलगा गावोगाव हिंडून एका गाण्याचे आठ तुकडे जमा करतो. अखेरीस जो परग्रहावरचा शत्रू समोर येतो, त्याच्यापुढे शस्त्र चालत नाही. त्याला तान्हेपणी एका मानवी मातेने वाढविले होते, आणि जमविलेले गाणे ही तिचीच अंगाई. ती त्याला गाऊन दाखविण्याची आज्ञा खेळणाऱ्याने पुनःपुन्हा द्यावयाची, इतकेच युद्ध. ज्या बटणाने आतापर्यंत प्रहार केले त्याच बटणाने अंगाई गावयाची, ही कल्पना मला फार मोठी वाटते. हा खेळ इंग्रजीत अधिकृतपणे प्रसिद्ध व्हावयास २०१५ साल उजाडले.

१९९७ मध्ये 'फायनल फँटसी' या मालिकेचा सातवा खेळ प्ले स्टेशन यंत्रावर आला. त्यात एरिथ नावाची एक फुले विकणारी मुलगी नायकाच्या सोबत्यांत आहे, आणि कथा अर्ध्यावर येण्यापूर्वीच तिचा वध होतो. कादंबरीत नायिका मरणे नवे नाही. येथे नवे काय, ते खेळाच्या घडणीत आहे. अशा खेळांत प्रत्येक सोबत्याला लढाया करवून हळूहळू बळकट करावे लागते, त्याची शस्त्रे निवडावी लागतात, विद्या शिकवावी लागते. यात खेळणाऱ्याचे दिवसचे दिवस जातात. एरिथच्या मृत्यूबरोबर ते सारे कष्ट एका क्षणात नाहीसे होतात, आणि दुसऱ्या दिवशी लढाईत जखमी सोबत्यास बरे करावयाची वेळ आली की ते करणारी जागेवर नसते. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या वाटचे काम अडते, तेव्हा त्याचे जाणे खरे वाटू लागते, तसेच हे. तिला जिवंत करण्याची काही गुप्त युक्ती असलीच पाहिजे, अशा कंड्या कित्येक वर्षे खेळणाऱ्यांत पिकत राहिल्या. तशी युक्ती नव्हती. या मालिकेचे जनक हिरोनोबु साकागुची यांची आई अपघातात वारली होती, आणि तेव्हापासून जीव म्हणजे काय हा प्रश्न त्यांच्या खेळांत पुनःपुन्हा येतो.

याहून मला अधिक विचार करावयास लावणारा खेळ मात्र आकाराने पुष्कळच लहान आहे. 'लिंक्स अवेकनिंग' हे त्याचे नाव, १९९३ हे साल, आणि यंत्र गेम बॉय. त्या यंत्राचा पडदा हिरवट, त्यावर आडवे १६० व उभे १४४ ठिपके, रंग म्हणून एकाच रंगाच्या चार छटा. चार पेन्सिल सेलवर ते चाले. सारा खेळ, त्यातली गावे, माणसे, संगीत व संवाद यांसह, सुमारे सव्वापाच लाख इंग्रजी अक्षरे मावतील एवढ्या जागेत बसविलेला. आमच्या शाळेच्या हजेरीपुस्तकांची रास त्याहून मोठी भरेल!

कथा अशी. लिंक नावाचा तरुण वादळात जहाज फुटून एका बेटाच्या किनाऱ्यास लागतो. मरीन नावाची मुलगी त्याची शुश्रूषा करते. ती गाणे गाते. समुद्रपक्षी होऊन या बेटापलीकडे उडून जावे अशी तिची इच्छा आहे. बेटावर एक गाव आहे, कोंबड्या आहेत, बोलकी मुले आहेत, एक म्हातारा आहे जो समोरासमोर बोलावयास लाजतो पण टेलिफोनवर खुलतो. डोंगराच्या माथ्यावर एका प्रचंड अंड्यात वायुमत्स्य निजला आहे, आणि आठ वाद्ये मिळवून त्याला जागे केले तरच लिंकला बेटावरून जाता येईल. खेळणारा निमूटपणे वाद्ये शोधू लागतो. मध्यंतरी एका जुन्या देवळाच्या भिंतीवर त्याला एक चित्र व लेख सापडतो, आणि कळते ते असे की, हे बेट म्हणजे त्या वायुमत्स्याचे स्वप्न आहे. तो जागा झाला की बेट नाही, गाव नाही, मरीन नाही. वाटेत आडवे येणारे राक्षसही तेच ओरडून सांगत असतात. त्यांची लबाडी त्यांना लखलाभ असो, परंतु आपले जग बुडू नये म्हणून ते झगडत आहेत एवढे तरी खरे.

येथे वाचक असता तर त्याने पान उलटले असते आणि लेखकाला बोल लावला असता. खेळणाऱ्यास ती सोय नाही. यंत्र बंद करून ठेवले तर बेट टिकते पण कथा अडते. कथा पुढे न्यावयाची तर उरलेली वाद्ये त्यानेच मिळवावयाची, आणि डोंगरावर चढून ती त्यानेच वाजवावयाची. शेवटी एकामागून एक चित्रे पुसली जातात, गाव, घरे, ती मुलगी. आणि लिंक एका लाकडाच्या ओंडक्यावर समुद्रात एकटा तरंगत राहतो.

मुळशीत राहणाऱ्या माणसास ही कथा ऐकून दुसरे काही आठवल्यावाचून राहत नाही. टाटा कंपनीच्या वीजयोजनेसाठी मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, विनायकराव भुस्कुटे त्यात होते. १९२४ पर्यंत तो या ना त्या रूपाने चालला, आणि मोडला. धरण झाले, सुमारे ५० गावांच्या जमिनी व घरे पाण्याखाली गेली, आणि भिऱ्याच्या वीजगृहातून वीज मुंबईकडे वाहू लागली. तिचा लाभ सर्वांस झाला हे मी नाकारीत नाही. हे भाषण आपणांपर्यंत पोहोचविणारे यंत्रही विजेवरच चालते. पण आमच्या खोऱ्याची कथा आपण नेहमी बुडणाऱ्यांच्या बाजूने ऐकतो, आणि ऐकून उसासा टाकतो, व त्यातच आपले कर्तव्य संपले असे मानतो. या जपानी खेळाने खेळणाऱ्यास दुसऱ्या बाजूस उभे केले. तेथे गाव बुडविणारा दुष्ट नाही, त्याच्या मनात कोणाचे वाईट नाही, त्याला केवळ आपल्या घरी परत जावयाचे आहे. आणि त्या निरागस हेतूपायी तो आपल्याच हातांनी एक गाव पुसून टाकतो. धरणाचा नकाशा काढणारा इंजिनियर सज्जन असू शकतो, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलास कोणत्या धड्यात शिकविता आली असती? मला तरी इतक्या वर्षांच्या मास्तरकीत असा धडा सापडला नाही.

यानंतरच्या खेळांचा परामर्श घ्यावयाचा तर वेळ पुरणार नाही. २००१ सालच्या 'इको' या खेळाचा उल्लेख मात्र केला पाहिजे. फुमितो उएदा यांनी रचलेल्या त्या खेळात एक मुलगा एका मुलीस ओसाड किल्ल्यातून बाहेर काढतो. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. एक बटण दाबून धरले म्हणजे तो तिचा हात धरतो. सोडले की हात सुटतो. आणि ती अडखळली की हातातले यंत्र किंचित थरथरते. एवढ्या एका बटणात जे सांगितले आहे ते संवादांनी सांगता आले नसते.

हे सर्व घडत असताना आपल्याकडे काय होते? १९९० नंतरच्या दशकात पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत जपानी यंत्रांच्या स्वस्त नकला आल्या. त्यांबरोबर एकाच कार्ट्रिजमध्ये अनेक खेळ भरलेले मिळत. त्यांत उड्या मारणारा मारिओ होता, गोळ्या झाडणारे शिपाई होते, मोटारींच्या शर्यती होत्या. हातातले यंत्र म्हणून घरोघर दिसे ते विटा रचण्याचे ब्रिक गेम. कथाप्रधान खेळ लांबलचक असतात, आज जेथे सोडले तेथून उद्या पुढे जाण्याची सोय त्यांना लागते, आणि वाचावयास मजकूर पुष्कळ असतो, तोही जपानी वा इंग्रजी. असले खेळ त्या स्वस्त कार्ट्रिजांतून आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचले. तेव्हा व्हिडिओ गेम म्हणजे डोळे बिघडविणारी ठाय ठाय, असे जे मत आमच्या पिढीने बनविले, ते डोळ्यांपुरते बरोबर होते. पण ज्या ग्रंथालयातील एकच कपाट आपण उघडले त्यावरून सगळ्या ग्रंथालयाचा निकाल दिला गेला, हेही खरे.

आणि आता पुणे. २०१७ मध्ये पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या नावाची एक लहानशी मंडळी उभी राहिली. श्रुती घोष, अविचल सिंग व इयान मॉड हे तिचे संस्थापक. 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ रचण्याचे त्यांनी मनावर घेतले. त्याच वर्षी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागून पाहिली. ठरविलेली रक्कम जमली नाही, आणि तेथील नियमाप्रमाणे काहीच हाती आले नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनाच्या साथीत सारे घरात कोंडलेले असताना, तो निंतेंदोच्या स्विच यंत्रावर प्रसिद्ध झाला. हे यंत्र टीव्हीला जोडूनही खेळता येते आणि हातात घेऊनही. ऑक्टोबरात तो इतर यंत्रांवर आला, आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या मोठ्या पारितोषिकांत पदार्पणाच्या खेळांच्या अंतिम यादीत त्याचे नाव लागले. पारितोषिक दुसऱ्यास मिळाले.

राजी ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात, आणि ती त्याच्या शोधार्थ निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. ती धावते, भिंतीवर चढते, लढते. आणि तिचे हे चाळे दुर्गा व विष्णू वरून पाहत आपसांत बोलत असतात, कोणी कौतुकाने, कोणी शंकेने. महाल राजस्थानी घाटाचे, रंग पहाडी चित्रशैलीची आठवण करून देणारे, आणि मधले कथाभाग सावल्यांच्या बाहुल्यांच्या रूपाने मांडलेले. ते पाहताना कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंतांची आठवण होते. माझ्या नातवाच्या यंत्रावर हा खेळ मी पाहिला. खेळलो असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण पहिल्याच असुराने माझा निकाल लावला.

बहीण भावाला शोधते आहे! आमच्या मुळशीच्या जात्यावर पिढ्यान्पिढ्या जे दळले गेले तेच हे पीठ. ओवीतली बहीण उंबरठ्यात उभी राहून वाट पाहते, आणि ही त्रिशूळ घेऊन वाटेस लागते, इतका फरक. म्हणून माझी या खेळाकडून अपेक्षा मोठी होती, आणि ती निम्मीच पुरी झाली हे सांगितले पाहिजे. राजीचे हात बहुतेक वेळ लढाईत गुंतलेले असतात, आणि भावाविषयीची माया मात्र निवेदनातून व चित्रांतून आपल्या कानी घातली जाते. हात एकीकडे आणि कथा दुसरीकडे. अपवाद आहे तो वाटेत लागणाऱ्या काही कोड्यांचा. तेथे तुकड्यांत फिरवून टाकलेली चित्रे चक्राकार फिरवून जुळवावी लागतात, आणि चित्र जुळले की भावाबरोबरचा जुना प्रसंग समोर येतो. तेथे लढाई थांबते, बोटे सावकाश चालतात, आणि आठवण हाताने गोळा केली जाते. खेळातील हे भाग लहान आहेत. माझ्या मते सर्वांत उत्तम तेच. शेवटही तुटका आहे, आणि अशी तक्रार अनेक परीक्षकांनी केली. तथापि थोडीशी माणसे, अपुरा पैसा आणि या देशात पाठीमागे परंपरा अशी फारशी नाही, हे ध्यानी घेता त्यांनी जे केले ते सामान्य नव्हे.

दुसरा प्रश्न भाषेचा. पुण्यात घडलेली ही मुलगी प्रथम बोलली ती इंग्रजीत. २०२२ साली सुधारून काढलेल्या आवृत्तीत तिला हिंदी वाणी मिळाली. जगाच्या बाजारात उतरणाऱ्याने इंग्रजीत बोलावे हे व्यवहाराला धरूनच आहे, आणि त्याबद्दल मी कर्त्यांस दोष देत नाही. पण जपानी मुलाने आपली अंगाई जपानीत ऐकली होती, हे विसरता येत नाही. हिंजवडीची ती प्रचंड संगणकनगरी आमच्याच तालुक्यात आहे. तेथून ज्या गावांच्या ओव्या उतरल्या गेल्या ती गावे मोटारीने फार लांब नाहीत. त्या दोन ठिकाणच्या माणसांची अद्याप ओळख पडलेली मला दिसली नाही.

तोपर्यंत घरोघर असे चालते की, नातू यंत्र हातात घेऊन बसतो, शेजारी आजी असते, आणि पडद्यावरची मुलगी काही बोलली की ती विचारते, काय म्हणाली रे ती? नातू डोळे न हलविता सांगतो, "भाऊ कुठे आहे म्हणून विचारतेय, आजी." मग आजीही खेळ संपेपर्यंत उठत नाही.